करवत नाही, राहवत नाही

आमच्या घरी जमाखर्चाच्या लांबट, लाल पुठ्ठ्याच्या चाळीसएक वह्या आहेत. १९७८ साली लग्न होऊन मी सांगलीला आले, तेव्हापासून दर पाडव्याला एक कोरी वही निघे, तिला हळदकुंकू लागे आणि त्या रात्रीपासून वर्षभर, जेवणे आटोपली की हे वही घेऊन बसत. हे बँकेत कॅशिअर होते. ३३ वर्षांच्या नोकरीत संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय त्यांनी कधी पिंजरा सोडला नाही. एकदा दहा रुपयांचा फरक येत होता, तर रात्री साडेनऊपर्यंत एकेक व्हाउचर पुन्हा तपासत बसले होते. स्वतःच्या खिशातले दहा रुपये टाकून मोकळे होणे त्यांना मान्य नव्हते. तसे केल्याने रक्कम जुळते, चूक सापडत नाही, असे ते म्हणत. घरच्या वहीतही तोच शिरस्ता होता. मी कधी 'किरकोळ २०' असे सांगितले की त्यांचे पेन थांबे. "किरकोळ नावाचा खर्च नसतो. तुला आठवत नाही, त्याला तू किरकोळ म्हणतेस."

आज या वह्या काढून पाहते तेव्हा लक्षात येते की आजाराची पहिली खूण वहीत होती आणि ती आमच्या कोणाच्याच नजरेस पडली नव्हती. २०१२ च्या वहीत ओळीच्या सुरुवातीला 'दूध' किंवा 'भाजी' ठळक, गोल अक्षरात लिहिलेले आहे, पण ओळ उजवीकडे सरकते तसे अक्षर आक्रसत जाते आणि शेवटचे आकडे मुंगीएवढे होतात. मी आपली चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यांच्या मागे लागले होते. पुढच्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, जपमाळ ओढावी तशी, आपोआप हलू लागली, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात पाहिले, चालून दाखवायला सांगितले आणि मग कागद पुढे करून एक वाक्य लिहायला लावले. यांनी लिहिलेली ओळ पाहून त्यांनी मान हलवली. पार्किन्सन्स.

कंप सर्वांना दिसतो. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण हाताकडे बघूनच प्रकृतीची चौकशी करतो. आमच्या घरात मात्र कंपाने फारसे काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते अशा एका गोष्टीने, जिला नाव देणे आम्हाला वर्षभर जमले नाही. २०१४ च्या वहीत गौरी-गणपतीपर्यंतच्या नोंदी आहेत. पुढची पाने कोरी आहेत. दर गुरुवारी स्वतः मंडईत जाऊन, चार ठिकाणी भाव करून भाजी आणणारा माणूस मंडईचे नाव काढेनासा झाला. टीव्हीवर मॅच लावून दिली तर समोर बसून राहत. मॅच संपून जाहिराती सुरू झाल्या तरी तसेच बसून राहत. नातवाच्या मुंजीची तारीख ठरली तेव्हा "बरं" एवढेच म्हणाले. ताट वाढले तर जेवत, वाढले नाही तर भूक लागली असेही सांगत नसत.

मी चिडत असे. माणसाने मनावर घेतले तर काय होत नाही, हे वाक्य शाळेत तीस वर्षे मुलांना ऐकवलेली बाई मी. ते घरात ऐकवायला मला काहीच जड गेले नाही. माझे दीर येऊन "दादा, मन घट्ट करा, रोज फिरायला जात जा" असे सांगून जात. एकदा मी त्यांना आळशी म्हणाले. आजही तो दिवस आठवला की जीव थोडा होतो, कारण त्यावर त्यांना राग आला नाही. पूर्वीचे हे असते तर आठ दिवस माझ्याशी बोलले नसते.

डॉक्टरांनी नैराश्य असेल म्हणून काही महिने एक गोळी देऊन पाहिली, पण नैराश्यात जे दुःख असते, स्वतःला कमी लेखणे असते, ते इथे नव्हते. वाईट वाटते का, असे विचारले तर नाही म्हणत, आणि बरे वाटते का, असे विचारले तर तसेही नाही म्हणत. पुढे मला कळले की या आजारात ही स्थिती पुष्कळ आढळते, निरनिराळ्या पाहण्या एकत्र केल्या तर दहातल्या सुमारे चार जणांत. तिला वैद्यकात 'ॲपथी' म्हणतात आणि ती नैराश्याबरोबर येऊ शकते तशी एकटीही येते. मराठीत उदासीनता हा शब्द वापरतात, पण मला तो पटत नाही. उदासीन होण्यासाठी आधी कुठल्या तरी बाजूला पाठ फिरवावी लागते. इथे पाठ फिरवण्याचेही बळ नव्हते.

एका सकाळी मी त्यांच्या पायाशी पाण्याचा पाइप ठेवला, नळ सोडला आणि जास्वंदीला पाणी घालायला सांगून स्वयंपाकघरात गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तर हे व्हरांड्यातल्या खुर्चीत जसेच्या तसे बसलेले, आणि पाणी फरशीवरून वाहत फाटकापर्यंत गेलेले. ती गोळीचा अंमल चांगला असण्याची वेळ होती. थोड्या वेळापूर्वी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा हेच उठून फाटकापर्यंत चालत गेले होते. मी काही बोलणार इतक्यात ते पाण्याकडे बघत म्हणाले, "अगं, कळतंय मला. पण उठवत नाही."

मी शाळेत मराठी शिकवत असे. नववीला क्रियापदाचे प्रकार शिकवताना शक्य क्रियापदाची उदाहरणे फळ्यावर लिहीत असे: आजीला आता चालवते, बाबांना जिना चढवतो. या रचनेत करणारा चतुर्थीत जातो. 'बाबा' न राहता तो 'बाबांना' होतो. क्रिया त्याच्याकडून घडते किंवा घडत नाही, पण तिची सूत्रे पुरती त्याच्या हातात नसतात. मी वर्षभर 'हे उठत नाहीत' असे म्हणत होते आणि ते 'उठवत नाही' असे सांगत होते. एका 'व'चा फरक, आणि मी मराठीची शिक्षिका असून तो मला ऐकू आला नव्हता.

त्यानंतर मी वाचायला लागले. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट भाग असतो. तिथल्या पेशी डोपामीन तयार करतात आणि या आजारात त्या पेशी मरत जातात. डोपामीन कमी झाले की हालचाल मंदावते, अंग आखडते, हे सगळे सांगतात. फारसे न सांगितले जाणारे हे की डोपामीनवर शरीराइतकीच इच्छाही चालते. एखादी गोष्ट करण्याआधी ती हवीशी वाटावी लागते, तिच्यासाठी उठण्याचे कष्ट परवडतील असे आतून कुठेतरी ठरावे लागते, आणि हा हिशेबही तेच रसायन सांभाळते. म्हणून बाहेरून हाक आली की हे उठत. आतून हाक येत नव्हती.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्याने संवेदना आणि बुद्धी यांना या रोगात इजा होत नाही असे नोंदवले होते. त्याने वर्णन केलेले रुग्ण सहाच होते, आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यात दिसलेले. त्याच्या निरीक्षणशक्तीबद्दल मला अपार आदर आहे. पण रस्त्यात दिसलेला माणूस व्हरांड्यातल्या खुर्चीत कसा बसून राहतो, किंवा रात्री दोन वाजता काय करतो, हे त्याला कुठून दिसणार? ते घरच्यांनाच दिसते, आणि घरचे त्याला स्वभाव म्हणून मोकळे होतात.

रात्री दोनचा प्रसंग पुढच्या काळातला आहे. २०१६ च्या सुमारास लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामीन होणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या गोळीचा अंमल लवकर उतरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी जोडीला प्रॅमिपेक्सोल दिले. हे औषध स्वतः डोपामीन होत नाही. डोपामीनची जागा घेऊन तेच काम करते, म्हणून त्याला डोपामीन ॲगोनिस्ट म्हणतात. मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि दोनतीन महिन्यांत आमच्या घरात जणू पुन्हा उजाडले. हे स्वतःहून मंडईत गेले. नातवाला सायकल शिकवायच्या गोष्टी करू लागले. पाडव्याला नवी वही निघाली. मी नरसोबाच्या वाडीला जाऊन पेढे ठेवून आले. ज्या माणसाला वर्ष-दीड वर्ष काहीच हवेसे वाटत नव्हते त्याला आता रोज काहीतरी हवे होते, आणि यात काळजी करण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनात येणार?

सुरुवात नाण्यांपासून झाली. घरातल्या डब्यांत साठलेली चिल्लर त्यांनी एके रात्री जेवणाच्या टेबलावर ओतली आणि भिंग घेऊन लावायला बसले. नाण्यावर सालाखाली बारीक खूण असते. चौकटच्या आकाराची खूण असली तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असली तर हैदराबादचे, टिंब असले तर नोएडाचे आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. त्यांनी मला हे समजावून सांगितले तेव्हा मलाही गंमत वाटली. पण मग ते रोजचे झाले. पहाटे दोन-अडीचला जाग यावी तर शेजारची उशी रिकामी, बाहेर टेबलावरचा दिवा चालू आणि नाणी एकमेकांवर ठेवल्याचा बारीक, एकसारखा आवाज. सालाप्रमाणे लावलेल्या थप्प्या पुरत्या झाल्या की हाताने एकत्र करून पुन्हा टांकसाळीप्रमाणे लावायला घेत. काय शोधताय, असे विचारले तर उत्तर नसे. थांबवले तर चिडत. चहा गार होई, गोळीची वेळ टळे, एकदा तर नैसर्गिक विधीलाही उठले नाहीत. या प्रकाराला 'पंडिंग' असे नाव आहे. स्वीडनमध्ये उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात सापडलेल्या लोकांचा असाच निरर्थक चाळा पाहून १९७० च्या दशकाच्या आरंभी ते दिले गेले. माणसाचा चाळा बहुधा त्याच्या पूर्वायुष्यातून येतो, हे वाचून मला गलबलून आले. शिवणकाम केलेली बाई बटणे लावत बसते, कचेरीत काम केलेला माणूस कागद लावत बसतो. आमचा कॅशिअर रात्रभर चिल्लर मोजत होता आणि त्याची कॅश काही टॅली होत नव्हती.

खरा घाला मोबाइलवरून आला. मुलाने दिलेल्या फोनवर हे पैसे लावून रमी खेळत होते. लग्नकार्यात सुद्धा कधी पैशाने पत्ते न खेळलेले हे. २०१९ च्या जानेवारीत एका मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला मी गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने ठेव चार महिन्यांपूर्वीच मोडल्याचे सांगितले. घरी येऊन पासबुके काढली. ३ लाख ८० हजार रुपये गेले होते. शिवाय त्यांच्या जुन्या शाखेतल्या एका निवृत्त शिपायाकडून १५ हजार उसने घेतलेले होते, त्याची मला गंधवार्ता नव्हती. मग मी वही उघडली. २०१८ ची ती वही माझ्याजवळ आत्ताही आहे. अक्षर इतके बारीक की भिंग लावावे लागते: किरकोळ ५००. किरकोळ २,०००. किरकोळ ५,०००. पुन्हा किरकोळ ५,०००. ज्या माणसाने मला आयुष्यभर तो शब्द वापरू दिला नाही, त्याने तो ओळीखाली ओळ लिहिला होता. खोटी नावे त्यांना सुचली नसतील असे नाही. ती लिहिता आली नसतील.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहवत नाही गं."

पुन्हा तेच क्रियापद. उठवत नाही, करवत नाही, राहवत नाही. काही वर्षांपूर्वी ज्या रचनेत त्यांनी न करण्याचे दुःख सांगितले होते, त्याच रचनेत ते करत सुटण्याचे सांगत होते, आणि दोन्ही वेळा ते कर्त्याच्या जागी असून चतुर्थीत होते. मराठीने या दोन टोकांसाठी एकच साचा ठेवला आहे, ही गोष्ट मला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती.

औषधाशी संबंध लावला तो मुलीने. तिने गोळ्यांच्या खोक्यातला घडी घातलेला पातळ कागद उलगडला, आणि त्यात जुगार, अनावर खरेदी, अति खाणे आणि वाढलेली कामवासना यांचा स्पष्ट उल्लेख होता. तीन वर्षे ते खोके दर महिन्याला घरात येत होते. मी तो कागद कधी वाचला नव्हता, आणि औषध सुरू करताना किंवा नंतरच्या तपासण्यांत कोणी आम्हाला याबद्दल एका शब्दाने विचारले नव्हते. मला याचे आजही फार वाईट वाटते. दर वेळी हात पाहिले, चाल पाहिली, रक्तदाब पाहिला. घरात पैसे नाहीसे होतात का, हे रात्री झोपतात का, एवढे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? ही काही दुर्मीळ गोष्टही नाही. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० रुग्णांची एक मोठी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली आहे. त्यात १३.६ टक्के रुग्णांमध्ये जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांपैकी निदान एक गोष्ट हाताबाहेर गेलेली आढळली. ॲगोनिस्ट घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९. म्हणजे हे औषध घेणाऱ्या दर सहा जणांतला साधारण एक.

असे का होते, याचे कारण मला जसे समजले तसे सांगते. डोपामीनच्या वाटा एकापेक्षा अधिक आहेत. हालचालीकडे जाणारी वाट आधी उजाड होते. इच्छा आणि बक्षीस यांच्याशी संबंध असलेल्या खालच्या भागाकडे, न्यूक्लियस ॲक्युंबन्सकडे, जाणारी वाट आजाराच्या पहिल्या काळात तुलनेने शाबूत असते. औषध काही वाट बघून जात नाही. कोरड्या शेताला पुरेल इतके पाणी सोडले की शेजारचे ओलीचे शेत बुडते. त्यातही प्रॅमिपेक्सोलसारखी औषधे डोपामीनच्या ज्या डी-३ ग्राहींना (ग्राही म्हणजे पेशीवरची डोपामीन येऊन बसण्याची जागा) विशेष घट्ट धरतात, ते ग्राही याच खालच्या भागात दाट असतात. अर्थात सगळ्यांनाच असे होत नाही. वय कमी असणे, स्वतःला किंवा घराण्यात जुगाराचा नाद असणे, अशा काही गोष्टींनी धोका वाढतो. आमच्याकडे यांतले काहीच नव्हते, तरी झाले.

यांनी एकदा स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट मला या सगळ्या वाचनापेक्षा जास्त शिकवून गेली. "हरलो तरी वाईट वाटायचंच नाही," ते म्हणाले, "पैसे गेल्याचं कळायचं, पण लागायचं नाही. आणि पुढचा डाव आपलाच, असं आतून पक्कं वाटायचं." २००४ साली मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पार्किन्सन्सच्या रुग्णांना जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवून त्यांतले एक निवडायला सांगितले होते. काही अक्षरे बहुतेक वेळा बरोबर ठरत, काही बहुतेक वेळा चूक. औषध न घेतलेल्या अवस्थेत रुग्ण चुकांवरून लवकर शिकत; औषध घेतल्यावर ते यशावरून लवकर शिकत आणि चुका टाळायला शिकण्यात मागे पडत. दहा रुपयांच्या फरकासाठी रात्री साडेनऊपर्यंत बसणाऱ्या माणसाचे चुकीचे भान असे औषधाने विझवले होते. मी तेव्हा "इतके पैसे गेले तरी तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" असे विचारून रडले होते. त्यांना खरोखरच काही वाटत नव्हते, आणि त्यात त्यांचा निर्दयपणा नव्हता.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हे दोन शब्द मला फार आवडतात, कारण त्यांत आजाराचा उच्चारही नाही. अशाच रुग्ण-कुटुंबांच्या एका छोट्या जमावात, मुलीकडे राहायला गेलेले असताना, मी एकदा गेले होते. सभेत सगळे व्यायाम, आहार आणि गोळ्यांच्या वेळा यांबद्दल बोलले. मी रमीचे सांगितले तेव्हा थोडी शांतता पसरली. चहाच्या वेळी मात्र चार बायका माझ्याजवळ आल्या. एकीचे यजमान रोज ऑनलाइन काहीतरी मागवत होते आणि खोकी न उघडता पलंगाखाली सरकवत होते. एकीच्या घरी रात्री फ्रीजला कुलूप लावावे लागत होते. तिसरी बराच वेळ माझा हात धरून उभी राहिली आणि शेवटी खाली बघत इतकेच म्हणाली, की आता ती स्वतःच वेगळ्या खोलीत झोपायला लागली आहे, पण यजमान तिथेही येतात, दिवसातून कितीदाही, आणि नाही म्हटले तर संशय घेतात. सत्तरीची बाई होती. मुलांना सांगणे शक्य नव्हते, डॉक्टरांना सांगणे त्याहून नव्हते, आणि नवऱ्याबद्दलचा तिचा आदर तिच्या डोळ्यांदेखत झडत होता. मी तिला गोळीचे नाव विचारले. तेच होते. पुढच्या तपासणीला मुलगा बाहेर बसलेला असताना, चिठ्ठीवर लिहून का होईना, डॉक्टरांना दे, असे मी तिला सांगितले. ज्या कोणाच्या घरी हे चालू असेल त्यांना मला हेच कळकळीने सांगायचे आहे. लाज वाटते हे खरे आहे, पण हा मेंदूतला बिघाड आहे आणि औषध बदलून बहुतेकांचा तो पुष्कळ आटोक्यात येतो.

औषध मनाने बंद करू नये, हेही त्याच दमात सांगायला हवे. आमच्या डॉक्टरांना सगळे कळल्यावर त्यांनी प्रॅमिपेक्सोल टप्प्याटप्प्याने उतरवायला घेतले आणि लेव्होडोपाचा वाटा थोडा वाढवला. ते तीन महिने मी विसरणार नाही. दरदरून घाम, काळीज धडधडणे, आणि लहान मुलासारखे "ती एक गोळी दे, अर्धी दे" असे मागणे. ॲगोनिस्ट उतरवताना काहींना व्यसन सुटतानासारखा त्रास होतो, याचे वर्णन २०१० साली वैद्यकात आले. त्याच दिवसांत माझ्या दिरांनी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण आणून दिले, नैसर्गिक म्हणून. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले होते. म्हणजे चूर्ण दिले असते तर यांच्या गोळ्यांत आणखी एका न मोजलेल्या गोळीची भर पडली असती. मी दिरांना दुखावले, पण पुडी परत दिली.

नाणी थांबली, रमी थांबली. आणि मग, हळूहळू, खुर्ची परत आली.

मला कोणी आधी सांगितले असते तरी कदाचित माझा विश्वास बसला नसता की एवढ्या दिव्यातून गेल्यावर आपण पुन्हा पहिल्याच दारात उभे राहू. मेंदूत तार घालण्याच्या शस्त्रक्रियेनंतर औषधे एकदम कमी केली तरी काहींना अशीच निरिच्छता येते, असे डॉक्टर म्हणाले. इच्छेला खालूनही काठ आहे आणि वरूनही, आणि निरोगी माणूस दोन्ही काठ न दिसता मधून चालत असतो. आता दर तपासणीला आम्ही तिघे बसून मात्रा ठरवतो. पाव गोळी इकडे, पाव गोळी तिकडे. पैशाचे व्यवहार यांच्या संमतीने माझ्या आणि मुलाच्या हाती घेतले आहेत. बँकेतला अर्ज त्यांनी स्वतः वाचला, स्वतः सही केली. सही जुन्या नमुन्याशी जुळेना, म्हणून तिथे पुन्हा तीनदा करावी लागली. ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या त्याला तसे उभे असलेले मला पाहवत नव्हते.

मी त्यांना एकदा म्हणाले की झाले ते गोळीने झाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते म्हणाले, "गोळीवर टाकलं की रक्कम जुळते. चूक सापडत नाही. पैसे मी भरत होतो, माझ्या बोटानं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने तो औषधाचा परिणाम आहे आणि मीही तसेच मानते. पण ज्याच्याकडून ते घडले त्याला ते आपले वाटते, आणि त्याचे ते वाटणे काढून घेण्याचा मला अधिकार आहे असे वाटत नाही. शिपायाचे १५ हजार त्यांनी पेन्शनमधून दरमहा दीड हजार याप्रमाणे फेडले. दर महिन्याला पाकीट स्वतःच्या हाताने दिले.

रोजच्या जगण्यात मी एकच गोष्ट बदलली आहे. 'फिरायला जायचं का?' असे मी आता विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला आत कोणी उत्तर देणारा नसतो. चपला समोर ठेवते, काठी हातात देते आणि "चला" म्हणते. झारी भरून हातात दिली की झाडांना पाणी घातले जाते. फळ्यावर दिवसाच्या वेळा लिहिल्या आहेत. सहाला व्हरांडा, साडेसहाला बातम्या, आठला गोळी आणि जेवण. माझी हाक हीच त्यांची इच्छा झाली आहे. मी थकते. काही दिवस हाक मारायचीही इच्छा होत नाही, आणि मग दोघेही व्हरांड्यात बसून राहतो.

वही आता मी लिहिते. गेल्या आठवड्यात गुरुवारी रात्री जेवणे झाल्यावर मी टेबलाशी बसून दिवसाचा खर्च लिहीत होते. हे नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत होते. झोपले आहेत की जागे, तेही कळत नव्हते. मी 'भाजी' एवढे लिहिले आणि मंडईतला हिशेब आठवू लागले.

"वांगी कशी दिली?" त्यांनी विचारले.

मी हाक मारलेली नव्हती. काही विचारलेही नव्हते. मी हळूच म्हणाले, "अर्धा किलो. तीस रुपये."

"तीस?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "जास्त दिलेस."

मी आकडा लिहिला.